खिशातले गाणे : त्याचे गुण आणि त्याच्या उणिवा

पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. माणसाचा आवाज धरून ठेवून तो पुन्हा ऐकवणारे एडिसनचे यंत्र आले ते १८७७ साली. म्हणजे त्या व्याख्यानमालेच्या पहिल्या दोन वर्षांतल्या वक्त्यांचे जे विचार कागदावर उतरले असतील तेवढेच उरले; त्यांचा आवाज उरण्याचा काही मार्गच नव्हता. त्यानंतरच्या सुमारे दीडशे वर्षांत हे यंत्र सारखे लहान होत गेले. दिवाणखान्यातल्या मेजावरून ते हातात धरून न्यावयाच्या पेटीत आले, पेटीतून खांद्याला लटकले, खांद्यावरून कमरेच्या पट्ट्याला आले आणि शेवटी सदऱ्याच्या खिशात जाऊन बसले. या खिशातल्या यंत्राचे गुण कोणते, उणिवा कोणत्या आणि त्याचा उपयोग आपण नीट करतो की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘खिशातले यंत्र’ या शब्दांत आम्ही तीन वस्तू धरतो. पहिली म्हणजे एमपीथ्री प्लेअर, काडेपेटीएवढा, नुसती गाणी वाजवणारा. दुसरी म्हणजे आधीच गाणी भरून विकली जाणारी पेटी. ती खिशात मावत नाही, पण काखेत मावते. आणि तिसरी म्हणजे मोबाईल, ज्याने पहिल्या वस्तूचे काम बहुतेक ठिकाणी गिळून टाकले आहे.

यंत्राची परीक्षा दुकानाच्या काचेआड होत नाही. ते जेथे वापरावयाचे त्या हवापाण्यात ती करावी लागते. म्हणून आम्ही वैभववाडीचा तालुका डोळ्यांसमोर ठेवतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, सह्याद्रीच्या पायथ्याशी चिकटलेला हा मुलूख. माथ्यावर गगनबावडा, तेथे चढायचे तर करूळचा घाट नाही तर भुईबावड्याचा. कोकण रेल्वे येथून जाते, पण बऱ्याचशा वाड्या रूळांपासून आणि मनोऱ्यांपासून दूर, डोंगराच्या कुशीत आहेत. पावसाळ्याचे चार महिने हवा ओली. वादळवाऱ्यात वीज जाते. आणि घरातला एक तरी माणूस मुंबईला. अशा ठिकाणी जे यंत्र उपयोगी पडेल ते कोठेही पडेल.

यंत्र लहान कसे झाले

प्रथम आले ते चावीचे ग्रामोफोन. पुढे सुटकेससारखे बंद करून नेता येतील असे ग्रामोफोन मिळू लागले. त्यांना वीज लागत नसे, हा मोठा गुण. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे आणि तबकडी हातून पडली की फुटे. खयाल गाणाऱ्या गवयाने अर्ध्या तासाचा राग साडेतीन मिनिटांत आवरायचा, ही कला त्या तबकडीच्या अडचणीतून जन्मली.

१९५४ साली अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ट्रान्झिस्टर शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. रेडिओचा गुण असा की तो कधी संपत नाही. उणीव अशी की त्यात काय लागेल हे ऐकणाऱ्याच्या हाती नसते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून सुमारे वर्षभर चालले. गीते छप्पन्न. ज्याला ऐकावयाचे असे त्याने ठरल्या वेळी रेडिओपाशी जाऊन बसावे लागे. आज ती छप्पन्नही गीते नखाएवढ्या मेमरी कार्डाच्या एका कोपऱ्यात मावतात आणि मागितल्या क्षणी वाजतात.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस अर्धा तास. या वस्तूने एक मोठी क्रांती केली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. तबकडी कंपनीनेच कापावी लागे. कॅसेट मात्र घरच्या घरी भरता येई. परदेशी गेलेली माणसे पत्राऐवजी कॅसेट बोलून पाठवू लागली. गावच्या देवळातले भजन, लग्नातली गाणी, आजीची कहाणी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरू लागली. ऐकणाऱ्याच्या हातात प्रथमच धरण्याचे साधन आले.

आणि नेमके तेच पुढच्या पायरीवर सुटले. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीस आला. पत्रकारांसाठी केलेला एक लहान टेपरेकॉर्डर कंपनीकडे होताच. त्यातला ध्वनिमुद्रणाचा भाग काढून टाकला आणि दोन्ही कानांनी ऐकण्याची सोय केली, की झाला वॉकमन. ज्यात आवाज भरता येत नाही असे यंत्र कोण घेणार, अशी शंका तेव्हा अनेकांनी काढली होती. ती शंका खोटी ठरली. जगभर लोकांनी तो घेतला. पहिल्या वॉकमनची दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकट्याने कानात गाणे घालून बसणे हे सोबतच्या माणसाला तुसडेपणाचे वाटेल, म्हणून त्याला दोन इअरफोनांची भोके ठेवली होती आणि संगीत हळू करून एकमेकांशी बोलण्यासाठी एक नारिंगी बटण होते. पुढच्या यंत्रांतून ते बटण गेले आणि दुसरे भोकही गेले.

शेवटची पायरी म्हणजे फीत आणि चकती दोन्ही टाकून नुसत्या आकड्यांवर चालणारे यंत्र. १९९८ साली दक्षिण कोरियातून असे पहिले यंत्र बाजारात आले. त्याची साठवण होती ३२ मेगाबाइट, म्हणजे सात-आठ गाणी. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने ५ गिगाबाइटचा आयपॉड दाखवला आणि खिशात हजार गाणी अशी त्याची जाहिरात केली. मोबाईलने हे काम अंगावर घेतल्यावर २०२२ साली खुद्द आयपॉडचे उत्पादन बंद झाले. अवघ्या वीस-एकवीस वर्षांचे हे आयुष्य. जी वस्तू इतक्या लवकर जाते तिच्या भरवशावर काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हा प्रश्न येथेच उभा राहतो. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

आवाज आकड्यांत कसा मावतो

आवाज म्हणजे हवेचे कंपन. कॉम्पॅक्ट डिस्कवर या कंपनाचे मोजमाप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. प्रत्येक माप सोळा अंकी खुणेने, ज्याला बिट म्हणतात, लिहितात. आणि डाव्या व उजव्या कानासाठी वेगवेगळे लिहितात. गुणाकार केला तर सेकंदाला चौदा लाख अकरा हजार बिट होतात. मिनिटभराच्या आवाजाला सुमारे दहा मेगाबाइट जागा. सुरुवातीच्या लहान यंत्रांत एवढा पसारा मावणे शक्य नव्हते.

यावर तोड काढली ती प्रामुख्याने जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी. माणसाचा कान सगळे ऐकत नाही, ही त्यांच्या युक्तीची किल्ली. मोठा आवाज चालू असता त्याच्याच आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला जाणवत नाही. चव्हाट्यावर ढोल वाजत असता शेजारच्याची कुजबुज जशी बुडून जाते, तसाच हा प्रकार. मग जे कानाला कळणारच नाही ते लिहावे कशाला? ते गाळून उरलेले लिहावयाचे, या पद्धतीला एमपीथ्री म्हणतात. नेहमीच्या १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत मूळ आकड्यांचा सुमारे अकरावा हिस्साच उरतो. मिनिटाला एक मेगाबाइट. या हिशेबाने ३२ गिगाबाइटच्या कार्डात साडेपाचशे तासांचे गाणे मावते. रात्रंदिवस लावून ठेवले तरी तेवीस दिवस पुरते.

मात्र गाळणी फार बारीक केली की चोथ्याबरोबर रसही जातो. आणि हे प्रथम कळते ते झांजेत. झांज, टाळ, चकवा यांचा आवाज एकदम उसळतो आणि त्यात उंच पट्टीतले असंख्य नाद एकत्र असतात. या पद्धतीला सर्वांत अवघड जाणारा आवाज हाच. ६४ किलोबिटवर उतरवलेले भजन ऐकावे. बुवांचा आवाज ओळखू येतो, पेटी ठीक वाटते. पण झांज तव्यावर पाणी शिंपडावे तशी चुरचुरते आणि पखवाजाच्या थापेची धार बोथट होते. भाषणाला ६४ पुरेल. एका गळ्याच्या भावगीताला १२८ चालेल. आपल्या कोकणातल्या भजनाला मात्र १९२ च्या खाली जाऊ नये, आणि जमले तर गाळणीच लावू नये, असे आमचे मत आहे.

गुण

या यंत्राचा पहिला गुण हा की त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही. इंटरनेटवरून वाजणारे गाणे मनोऱ्याची रेंज असेल तोवरच वाजते. घाटाच्या वळणावर, दरीतल्या वाडीत, पावसात तार तुटली असता ते थांबते. एफएम रेडिओची अडचण निराळी. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की मागच्या खोऱ्यात त्यांची सावली पडते. जुन्या ट्रान्झिस्टरवर लागणाऱ्या मध्यम लहरी जमिनीला धरून वळत जात, म्हणून डोंगरापलीकडची केंद्रेही ऐकू येत. पण अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणकेंद्रे बंद केली आहेत. अशा स्थितीत ज्याच्या पोटात गाणे आधीच आहे असे यंत्र डोंगराकाठच्या माणसाला अधिक भरवशाचे वाटते, यात नवल नाही.

दुसरा गुण हा की त्याच्या आत काही फिरत नाही. खराब रस्त्यावरच्या एसटीत वॉकमनचा सूर डुलत असे, सीडीचे यंत्र तर गचक्यासरशी गाणे सोडून पुढे उडी मारी, आणि पहिल्या आयपॉडमध्ये फिरती चकती असल्याने त्याला धक्क्याचे भय असे. मेमरी कार्डाला यातले काहीच नाही. करूळ घाटाची सारी वळणे पार झाली तरी सूर जागचा हलत नाही.

तिसरा गुण आवृत्तीचा. शिकणाऱ्याला एकच ओळ वीस वेळा ऐकावयाची असते. पुष्कळ यंत्रांत गाण्याचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा लावण्याची सोय असते. काहींत पट्टी न बदलता चाल संथ करता येते. पखवाजाचा बोल बसवणाऱ्या मुलाला ही सोय म्हणजे न कंटाळणारा गुरुबंधूच होय. दृष्टिहीनांसाठी तर बोलकी पुस्तके वाचणारी खास यंत्रे आहेत. ती पुस्तकात खूण ठेवतात, प्रकरण बदलतात, जेथे थांबलो तेथूनच पुढे सुरू करतात.

चौथा गुण सोपेपणाचा. येथे एका वस्तूचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आपल्या घरोघरची एचएमव्ही. या कंपनीने २०१७ साली ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली. दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरसारखी, आत पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेली. पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. इंटरनेट नको, पासवर्ड नको, बोटाने काच घासणे नको. बटण फिरवले की गायकागणिक गाणी सुरू. जी गाणी मोबाईलवर फुकटात मिळतात त्यांच्यासाठी कोणी हजारो रुपये मोजील काय, असे वाटणे साहजिक होते. पण लोकांनी ते मोजले. मुंबईच्या मुलांनी गावच्या आईवडिलांसाठी मोजले. याचा अर्थ उघड आहे. सत्तरीच्या माणसाला हवे असते ते हाताला ओळखीचे बटण. त्याच्या म्हातारपणाला नवे काही शिकायला न लावणारे यंत्र त्याला आपले वाटते.

उणिवा

आता दुसरी बाजू. प्रथम देहाच्या उणिवा पाहू, मग स्वभावाच्या.

बॅटरी ही पहिली उणीव. जुन्या यंत्रांत पेन्सिल सेल असत. संपले की वाण्याकडे दुसरे मिळत. आताच्या बहुतेक यंत्रांत लिथियमची बॅटरी आतच बसवलेली असते. ती तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिती झाली की तिची धारणशक्ती ठळकपणे कमी होते, आणि उन्हात तापली तर त्याहून लवकर. बॅटरी बदलता येत नसेल तर तिच्याबरोबर यंत्रही जाते. महिनोन्‌महिने न वापरता ठेवावयाचे असेल तर ती पूर्ण भरून अथवा पूर्ण रिती करून ठेवू नये. निम्मी भरून सावलीत ठेवावी. मुंबईच्या बिऱ्हाडकरूंनी गणपतीला गावी आणलेले यंत्र कपाटात टाकून जाणे आणि शिमग्याला ते मेलेले सापडणे, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दुसरी उणीव ओल. कोकणच्या पावसाळी हवेत कॅसेटला बुरशी धरे, हे आपण पाहिले आहे. कार्डाला बुरशी धरत नाही, पण चार्जर खोचण्याच्या जागी आणि इअरफोनच्या भोकात गंज धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत मिळते ती ओल शोषणारी पुडी घालून यंत्र ठेवावे. भिजलेले यंत्र पूर्ण सुकण्यापूर्वी चार्जरला लावू नये.

तिसरी उणीव कानाची, आणि ती गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला असा की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर धोका कमी. आवाज दर ३ डेसिबलने वाढवला की हा वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ९० ला जेमतेम चार. १०० डेसिबलवर आठवड्याला वीस मिनिटेच उरतात. खिशातली कित्येक यंत्रे पूर्ण आवाजाला शंभराच्या आसपास आणि त्याच्या वरही जाऊ शकतात. एसटीच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि रोजच्या प्रवासात तो वाढवलेलाच राहतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाजाचे बटण साठ टक्क्यांच्या खाली ठेवावे, मधून मधून कान मोकळे करावेत, आणि घाटरस्त्याने चालताना अथवा रूळ ओलांडताना इअरफोन गळ्यातच असू द्यावा.

चौथी उणीव स्मरणाची. मेमरी कार्ड म्हणजे कायमची आठवण, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. कार्डात प्रत्येक खूण म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यात कोंडलेला विजेचा भार असतो. तो भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत लवकर झिरपतो. वर्षानुवर्षे पेटीत पडलेले स्वस्त कार्ड एके दिवशी कोरे निघू शकते. तबकडीवर चरा पडला तर सूर खरखरतो, पण गाणे ऐकू येते. कॅसेटची फीत तुटली तर चिकटवता येते. कार्ड मात्र पुष्कळदा एकदमच मुके होते.

आता स्वभावाच्या उणिवा. एक म्हणजे एकटेपणा. कोकणातले संगीत मुळात एकट्याचे नाही. भजनात बुवा ओळ म्हणतात आणि मागचे कोरसवाले ती उचलतात. डबलबारीत तर एका बुवाला दुसरा समोर लागतो आणि दोघांना रात्रभर जागणारी माणसे लागतात. फुगडी एकटीला घालता येत नाही. हे सारे कानाच्या भोकात शिरले की ऐकणारा गाणाऱ्यांतून वेगळा होतो. पहिल्या वॉकमनच्या कर्त्यांना ही गोष्ट उमगली होती. म्हणून तर ते दुसरे भोक. घरात चार माणसे असता यंत्र इअरफोनऐवजी लहान स्पीकरवर लावावे, हा साधा नियम आम्ही सुचवतो.

दुसरी स्वभावाची उणीव सर्वांत मोठी आहे. हे यंत्र भरले असेल तेवढेच बोलते. पाच हजार गाण्यांची पेटी असो की हजारांची, त्या गाण्यांची निवड कोठेतरी दूर, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने केलेली असते. आधीच भरलेली गाणी त्या पेटीतून काढता येत नाहीत. स्वतःची घालावयाची तर वेगळ्या पेनड्राइव्हवर घालावी लागतात. तिच्यात लता मंगेशकर आहेत, किशोरकुमार आहेत, आणि ते असावेतच. पण अशी पेटी घरात आली असता एका वृद्ध बाईंनी विचारलेला प्रश्न आम्ही ऐकला आहे : ‘‘ह्यात आमच्या बुवांचा भजन आसा काय?’’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. आणि बुवांचे भजन कोणत्याच पेटीत नसेल तर दोष पेटी करणाऱ्यांचा नाही. त्यांनी आपल्या घरचे भरले. आपण आपल्या घरचे भरले नाही.

भरणारे आपणच

आपल्याच महाराष्ट्रात याचे एक उत्तम उदाहरण आहे. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पुढे त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि आज त्या इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतात. जाते घरातून गेले तेव्हा त्याच्यावरचे गाणे जाणारच होते. ते उरले, कारण कोणीतरी यंत्र घेऊन त्या बाईच्या ओटीवर जाऊन बसले.

वैभववाडीच्या परिसरात आज भजनी बुवा आहेत, डबलबारीचे जुने गजर ज्यांना पाठ आहेत अशी माणसे आहेत, गौरीच्या फुगड्यांची गाणी म्हणणाऱ्या आज्या आहेत, शिमग्याची फागगीते आहेत. वॉकमनने काढून टाकलेले ध्वनिमुद्रण मोबाईलने परत आणले आहे. आज प्रत्येक घरात आवाज धरणारे यंत्र आहे. प्रश्न आहे तो ते नीट वापरण्याचा. म्हणून काही व्यवहाराच्या सूचना देतो.

ध्वनिमुद्रणाआधी गाणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि ते कोणाला ऐकवणार हे त्याला सांगावे. सुरुवातीला स्वच्छ आवाजात गाणाऱ्याचे नाव, वाडी, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रकार बोलून ठेवावा. चिठ्ठी हरवते, बोललेले हरवत नाही. पंखा बंद करावा. यंत्र बुवांपासून दोन-तीन हातांवर, पखवाजाकडे नव्हे तर गळ्याकडे तोंड करून, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावे. लाकडी फळीवर ठेवले तर थापेची धडधड आत उतरते. झांजकऱ्यांना चार पावले मागे बसवावे. मोबाईलमध्ये सोय असेल तर गाळणी न लावलेला ‘वेव्ह’ प्रकार निवडावा. तासाला सुमारे साडेसहाशे मेगाबाइट लागतात, आणि आजच्या कार्डांच्या मानाने ही जागा काहीच नव्हे. ऐकण्यासाठी मग त्यातून लहान एमपीथ्री करून घ्यावी. मूळ मात्र व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवले म्हणजे राहिले असे समजू नये. तेथल्या तेथे रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज भाषणापुरता चांगला असतो, झांजेला नाही. आणि फोन बदलला की तो पुष्कळदा मागे राहतो.

जतन करण्याचा नियम तिहेरी आहे. तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. कोकणातल्या घराला हा नियम पाळणे इतरांहून सोपे आहे, कारण त्याची एक शाखा मुंबईत असतेच. एक प्रत गावच्या घरातल्या हार्ड डिस्कवर, एक मुंबईच्या बिऱ्हाडी, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. वर्षातून एकदा, गणपतीत सारे घर जमते तेव्हा, तिन्ही प्रती वाजवून पाहाव्यात आणि पाच वर्षांनी नव्या कार्डावर उतरवाव्यात. यंत्रे जातात हे आपण आयपॉडच्या उदाहरणावरून पाहिले. आकडे मात्र एका यंत्रातून दुसऱ्यात हवे तितक्या वेळा, तिळमात्र न झिजता, उतरवता येतात. कॅसेटवरून कॅसेट उतरवताना दर वेळी खरखर वाढत असे. येथे ती वाढत नाही. या यंत्राचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि तोच आपण सर्वांत कमी वापरतो.

ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांनी तर उशीर करूच नये. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. त्याच्या इअरफोनच्या भोकातून एक तार संगणकात घातली की कॅसेट वाजेल तेवढ्या वेळात ती आकड्यांत उतरते. आधी फितीवरची बुरशी पाहावी. धरली असेल तर ती वाजवण्याची घाई न करता जाणत्याकडून साफ करून घ्यावी, नाहीतर एका कॅसेटची बुरशी यंत्रातून साऱ्यांना लागते.

तात्पर्य, घेताना यंत्राच्या पाच गोष्टी पाहाव्यात. कार्ड बदलता येते का, बॅटरी बदलता येते का, आवाज भरता येतो का, स्वतःच्या फाइली मुक्तपणे घालता-काढता येतात का, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते न विचारता लावता येते का. पाचही असलेले यंत्र बाजारात क्वचितच मिळेल. तीन-चार असली तरी घ्यावे. पण येत्या गणपतीत आरतीनंतर भजनाला बुवा बसतील तेव्हा घरातल्या एकाने तरी मोबाईल खिशातून काढून टॉवेलवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि बुवांचे नाव स्पष्ट उच्चारावे. एवढे झाले म्हणजे पुढच्या पिढीत कोणी पेटीपुढे बसून तोच प्रश्न विचारील, तेव्हा ‘‘आसा’’ असे उत्तर देता येईल.